विहिरीचे पाणी आणि भावाची नोकरी

वाचकाचे पत्र, थोडक्यात: कोकणातल्या एका औद्योगिक वसाहतीला लागून आमची वाडी आहे. घरामागच्या विहिरीच्या पाण्याला तीन वर्षांपासून वास येतो, पाणी तांबूस दिसते आणि त्यात शिजवलेला भात पिवळट होतो. पावसाच्या पहिल्या सरी आल्या की रात्री वहाळाला फेस येतो. गेल्या वर्षी आमची एक गाय वहाळाचे पाणी पिऊन दगावली. वरच्या अंगाला रसायनांचा कारखाना आहे आणि माझा धाकटा भाऊ तिथेच कंत्राटी कामगार आहे. कारखाना दिवसाआड पाण्याचा टँकर पाठवतो. देवळाचा सभामंडपही त्यांनीच बांधून दिला. वाडीतली वडीलधारी मंडळी म्हणतात, “तक्रार केलीस तर कंपनी बंद पडेल आणि पोरांच्या पोटावर पाय येईल.” बायको म्हणते, “टँकर आला नाही की याच पाण्यात स्वयंपाक करायचा, असे किती दिवस?” तक्रार करावी की गप्प बसावे? आणि कायदा आमच्यासारख्यांसाठी असतो का?

उत्तर:

तुमच्या पत्रातला सगळा पेच एका वाक्यावर उभा आहे: ‘तक्रार केली तर कंपनी बंद पडेल.’ हे वाक्य वडीलधाऱ्यांनी सांगितले आणि तुम्ही ते खरे धरून चाललात. त्यामुळे एका तागडीत मुलांचे पाणी आणि दुसऱ्या तागडीत भावाची नोकरी, असा हिशेब तुमच्या मनात मांडला गेला. तो हिशेब करण्याआधी हे वाक्यच तपासून पाहू.

आपल्याकडे सांडपाणी बाहेर सोडणाऱ्या कारखान्याला १९७४ च्या जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियमानुसार राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाची आगाऊ संमती घ्यावी लागते. दिवसाला किती सांडपाणी निघेल, त्यावर कोणती प्रक्रिया होईल, ते कुठे जाईल आणि जाताना त्यात कशाचे प्रमाण किती असेल, हे त्या संमतीपत्रात अटींच्या रूपाने लिहिलेले असते. नदीनाल्यात सोडायच्या पाण्यासाठीची देशाची सर्वसाधारण मानके सांगायची तर सामू (पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे त्याचे माप) साडेपाच ते नऊच्या दरम्यान, बीओडी (पाण्यातली घाण कुजवायला जंतूंना लागणारा प्राणवायू) लिटरमागे ३० मिलिग्रॅमच्या आत आणि सीओडी (घाण रसायनाने मोडायला लागणारा प्राणवायू) २५० मिलिग्रॅमच्या आत असावा लागतो. मंडळ याहून कडक अटही घालू शकते. औद्योगिक वसाहतीतल्या अनेक कारखान्यांना तर वहाळात काहीच सोडण्याची मुभा नसते. त्यांनी आपल्या आवारातल्या ईटीपीमध्ये, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया यंत्रणेत, पहिली प्रक्रिया करायची आणि पुढचे पाणी वसाहतीच्या सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राकडे पाठवायचे, अशी व्यवस्था असते. तुमच्या वरच्या कारखान्याला यांपैकी काय लागू आहे हे तुम्हाला आज ठाऊक नाही, वडीलधाऱ्यांनाही नाही, आणि बहुधा भावालाही नसेल. तरीही तक्रारीचा शेवट काय होईल याविषयी मात्र सगळ्यांची खात्री आहे.

तुम्ही मंडळाला अर्ज लिहाल तेव्हा ‘कंपनी बंद करा’ असे लिहायचे नाही. ‘या कारखान्याच्या संमतीपत्रातल्या अटी पाळल्या जातात का, हे पाहावे, वहाळाचे व आमच्या विहिरीचे नमुने घ्यावेत आणि अहवालाची प्रत आम्हाला द्यावी’ असे लिहायचे. म्हणजे कारखान्याने स्वतःच मान्य केलेले वचन पाळले जाते का, एवढेच विचारायचे. उत्पादन थांबवण्याचा आणि वीज-पाणी तोडण्याचा आदेश देण्याचे अधिकार मंडळाला आहेत, हे खरे; १९८८ च्या दुरुस्तीने ते कलम ३३अ मध्ये आले. पण एरवी आधी कारणे दाखवा नोटीस निघते, दुरुस्तीसाठी मुदत मिळते, बँक हमी (अटी मोडल्यास मंडळाला जप्त करता येणारी रक्कम) घेतली जाते आणि बंदचा आदेश निघालाच तरी त्रुटी दूर केल्यावर तो मागे घेता येतो. बिघडलेला ईटीपी दुरुस्त करणे हा खर्च आहे, पण त्या खर्चाने कारखाना बुडतो, असे समजण्याचे कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये स्पष्टच सांगितले, की ज्यांना संमती लागते अशा कारखान्यांनी सांडपाणी प्रक्रिया यंत्रणा चालू स्थितीत असेल तरच उत्पादन करावे. ती नसेल, तर भावाची नोकरी आजही अधांतरीच आहे, तुम्ही तक्रार केलीत किंवा न केलीत तरीही.

वडीलधाऱ्यांच्या भीतीत काहीच तथ्य नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. कंत्राटी कामगाराला ‘उद्यापासून येऊ नकोस’ म्हणायला कोणाला कारण लागत नाही, हे त्यांनी पाहिलेले आहे. त्याकडे मी पुढे येतो.

आधी एक शंका, जी तुम्हाला कदाचित आवडणार नाही. तांबूस रंग हा कारखान्याचा पुरावा असेलच असे नाही. कोकणातला जांभा लोहाने भरलेला असतो आणि जांभ्यातल्या विहिरींना लोहामुळे तांबूस झाक येणे नवे नाही. कळशीभर पाणी रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी वरचे पाणी निवळलेले आणि तळाशी गंजासारखा बारीक गाळ बसलेला दिसला, तर तो रंग बहुधा लोहाचा आहे. रंग पाण्यात तसाच मुरून राहिला, तर संशयाला जागा आहे. उलट बाजूही ध्यानात ठेवा: शिसे, काही द्रावके किंवा नायट्रेट यांना रंग नसतो, त्यामुळे पाणी नितळ दिसू लागले म्हणून ते पिण्याजोगे झाले, असे समजू नका. तीन वर्षे टिकलेला वास, पहिल्या पावसात येणारा फेस आणि दगावलेली गाय या तीन गोष्टी एकत्र आल्या की तपासणीची मागणी करायला पुरेसे कारण होते. त्याहून अधिक आज ठरवू नका आणि अर्जातही लिहू नका. ‘कारखान्याने विष सोडले’ असे लिहिले की वाद त्या शब्दावर होतो आणि पाणी बाजूला राहते.

अर्ज करण्याआधी घरात करायची एक गोष्ट सांगतो. ते पाणी उकळून वापरणे हा उपाय नव्हे. उकळल्याने जंतू मरतात. विरघळलेली रसायने बहुतांशी तशीच राहतात आणि पाणी आटले की त्यांची मात्रा वाढते. तुरटीने गाळ बसतो, टीसीएल (ब्लिचिंग) पावडरीने जंतू मरतात, पण रसायनांना दोन्हीही पुरी पडत नाहीत. विहिरीत फिनॉलच्या जातीची द्रव्ये असतील तर टीसीएल टाकल्यावर पाण्याला दवाखान्यासारखा उग्र वास चढतो, आणि तसा अनुभव आला असेल तर तो तारखेसह लिहून ठेवा. अहवाल हाती येईपर्यंत पिण्याला आणि स्वयंपाकाला ते पाणी वापरू नका; टँकर चुकला तर गावाच्या नळयोजनेचे किंवा लांबच्या विहिरीचे आणा.

आता नमुन्याविषयी, कारण बहुतेक तक्रारी इथेच ढिल्या पडतात. स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरा, आत हवा राहू देऊ नका, बर्फाच्या डब्यात ठेवा आणि शक्यतो त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवा. जंतूंच्या तपासणीसाठी मात्र प्रयोगशाळाच निर्जंतुक बाटली देते आणि ती विसळायची नसते. बाटलीवर चिठ्ठी चिकटवा: तारीख, वेळ, कोणत्या विहिरीतून, किती खोलीवरून, समोर कोण हजर होते. एक बाटली तुमच्या विहिरीची, एक वहाळाची आणि एक कारखान्याच्याही वरच्या अंगाला असलेल्या एखाद्या विहिरीची घ्या. ही तिसरी बाटली लोक विसरतात आणि सगळे प्रकरण तिच्यावर फिरते. वरच्या विहिरीतही तेच घटक सापडले तर गुन्हेगार बहुधा कारखाना नाही, जमीनच आहे, आणि वर ते नसतील तर तुमचे म्हणणे निम्मे सिद्ध झाले. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी आणि काही उपविभागांतही आहेत. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकामार्फत नमुना पाठवणे सर्वांत सोपे. फक्त तिथे पिण्याच्या पाण्याच्या नेहमीच्या घटकांपुरतीच तपासणी होत असेल, तर जड धातू आणि सीओडी यांच्यासाठी मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेचा खर्च वाडीने वर्गणी काढून करावा.

तरी एक गोष्ट समजून घ्या. तुम्ही घेतलेला नमुना तुमच्या माहितीसाठी आणि मंडळाला हलवण्यासाठी असतो. जल अधिनियमाखालच्या खटल्यात टिकतो तो मंडळाच्या अधिकाऱ्याने कलम २१ प्रमाणे घेतलेला नमुना, म्हणजे कारखान्याला नोटीस देऊन, त्यांच्यासमोर सीलबंद केलेला आणि सह्या घेतलेला. म्हणून अधिकारी येतील त्या दिवशी वाडीतल्या दोघांनी तिथे हजर असावे आणि पंचनाम्याची प्रत मागावी.

कायदा तुमच्यासारख्यांसाठी असतो का, असे तुम्ही विचारले आहे. एका काळी नव्हता, असेच म्हणावे लागेल. महाराष्ट्राने जल प्रदूषणाचा स्वतःचा कायदा १९६९ मध्ये, म्हणजे देशाच्या आधी, केला आणि मंडळ १९७० मध्ये स्थापले. १९७२ मध्ये स्टॉकहोमला पर्यावरणाची जागतिक परिषद झाली, १९७४ मध्ये केंद्राचा जल अधिनियम आला, १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने पर्यावरण राखणे हे राज्याचे आणि नागरिकाचे कर्तव्य म्हणून घटनेत लिहिले गेले. पण या सगळ्यात खटला भरण्याची किल्ली मंडळाच्याच हाती होती. मंडळाने तक्रार केली किंवा परवानगी दिली, तरच न्यायालय दखल घेई. डिसेंबर १९८४ ची भोपाळची रात्र झाली आणि त्यानंतर १९८६ च्या पर्यावरण (संरक्षण) अधिनियमात कलम १९ आले. कोणीही नागरिक साठ दिवसांची नोटीस देऊन स्वतः न्यायालयात तक्रार करू शकेल, अशी तरतूद त्यात झाली, आणि हवेच्या व पाण्याच्या कायद्यांतही ती १९८७ आणि १९८८ च्या दुरुस्त्यांनी आली. भोपाळच्या कारखान्याला लागून राहणारेही बहुतांशी तुमच्यासारखेच, हातावर पोट असलेले लोक होते.

अलीकडे यात आणखी एक बदल झाला आहे. २०२३ च्या जन विश्वास कायद्याने पर्यावरण अधिनियमातली तुरुंगवासाची शिक्षा बहुतेक ठिकाणी काढून टाकली आणि तिच्या जागी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांपर्यंतची शास्ती आणली. ती आता न्यायालयाऐवजी शासनाने नेमलेला न्यायनिर्णय अधिकारी ठरवतो. पाण्याच्या कायद्यातही २०२४ मध्ये त्याच धर्तीची दुरुस्ती झाली, मात्र ती आधी हिमाचल प्रदेश, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांना लागू झाली आणि इतर राज्यांत ती त्या त्या राज्याने ठराव करून स्वीकारल्यावर लागू होते. छोट्या कागदी चुकांसाठी तुरुंग नको, हे मला पटते. पण मोठ्या कारखान्याला पंधरा लाख म्हणजे उत्पादनखर्चातली एक नोंद होऊ नये, ही धास्ती मलाही वाटते. तुमच्यापुरता याचा अर्थ एवढाच, की मालकाला गजाआड पाठवण्याच्या मार्गावर जीव टाकू नका. पाणी सुधारण्याच्या मार्गावर टाका.

तो मार्ग राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे जातो. २०१० च्या कायद्याने ते स्थापन झाले आणि त्याचे पश्चिम विभागीय पीठ पुण्यात आहे. अर्जदार स्वतः उभा राहून बाजू मांडू शकतो. नुकसानभरपाईची मागणी नसेल तर शुल्क एक हजार रुपये, असेल तर मागणीच्या एक टक्का. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही. आजारपणाचा खर्च, दुभती जनावरे, पिके आणि बागायत यांचे नुकसान मागता येते, आणि ‘प्रदूषण करील तो भरील’ हे तत्त्व न्यायाधिकरणाने लावावे, असे खुद्द कायद्यातच लिहिले आहे. २०२१ मध्ये मुंबईच्या कचऱ्याशी संबंधित प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेही ठरवले, की न्यायाधिकरण आपणहूनही दखल घेऊ शकते.

परंतु इथे दिनदर्शिका तुमच्या विरुद्ध चालते. प्रदूषण रोखण्याच्या आदेशासाठीचा अर्ज वादाचे कारण पहिल्यांदा उद्भवल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो, सबळ कारण असेल तर आणखी साठ दिवस मिळतात. भरपाईसाठी आणि पर्यावरण पूर्वस्थितीत आणून घेण्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. तुमच्या विहिरीला तीन वर्षे झाली आहेत. सहा महिन्यांची मुदत उलटली, असा मुद्दा समोरचा वकील काढीलच. नव्याने घडलेला प्रसंग, मंडळाचा ताजा अहवाल, अर्जाला आलेला नकार यांवर त्याचे उत्तर उभे करता येते, पण त्याचा भरवसा धरू नये. पाच वर्षांची खिडकी अजून उघडी आहे. ‘गणपती होऊन जाऊ देत, मग बघू’ असे वाडीत प्रत्येक वर्षी म्हटले जाते, त्याची किंमत ही आहे.

एखाद्या गावाने गप्प न बसता उठाव केला तर काय होते, हे पाहायचे असेल तर राजस्थानातले उदयपूरजवळचे बिछडी पाहा. तिथे १९८० च्या दशकाच्या शेवटी रंगनिर्मितीसाठी लागणारे एच-आम्ल बनवणारे कारखाने आले, गाळ उघड्यावर पडला आणि विहिरींचे पाणी गडद झाले. लोक चिडून उठले, जमावबंदी लागली, एक कारखाना जानेवारी १९८९ मध्ये बंदही पडला. विहिरी मात्र तशाच राहिल्या. खटल्याचा निकाल फेब्रुवारी १९९६ मध्ये लागला, कारखानदारांनी शुद्धीकरणाचा खर्च द्यावा असे ठरले, आणि ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपये चक्रवाढ व्याजासह भरण्याचा अंतिम आदेश निघायला जुलै २०११ उजाडला. हे सांगण्यात तुम्हाला घाबरवण्याचा हेतू नाही. बंद पडलेला कारखाना विहीर साफ करत नाही. चालू असलेल्या आणि पैसे भरू शकणाऱ्या कारखान्याकडून ती साफ करून घेणे जास्त सोपे. ही गोष्ट वाडीच्या बैठकीत वडीलधाऱ्यांना अवश्य सांगा, कारण त्यांची आणि तुमची मागणी त्यामुळे एकच होते.

आता भावाकडे येतो. अर्ज तुमच्या एकट्याच्या नावाने जाऊ देऊ नका. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते, आणि कळशी कोणाच्या डोक्यावर असते हे पाहता पाण्याचा विषय तिथे मांडायला तुमच्या पत्नीहून योग्य कोणी नाही. तिथून ठराव ग्रामसभेत येऊ द्या आणि अर्ज ग्रामपंचायतीच्या पत्रावर जाऊ द्या, खाली दहापंधरा सह्या. भावाची सही त्यात नको. कारखान्याच्या आतले फोटो, कागद किंवा कुठला व्हॉल्व्ह रात्री उघडतो याची माहिती त्याच्याकडून काढू नका. तुम्हाला लागणारे सगळे फाटकाबाहेर मिळते. संमतीच्या अटींची नोंदवही प्रदूषणाची झळ लागलेल्या कोणालाही पाहता येईल, असे जल अधिनियमाच्या कलम २५ मध्येच म्हटले आहे. ती दाखवायला टाळाटाळ झाली तर माहितीच्या अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज पुरे; तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. मात्र हे सगळे भावाच्या नकळत करू नका. अर्ज जाण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, आत्ताच त्याच्याशी बोला. तो ‘नको’ म्हणाला तर का, ते ऐकून घ्या. ती रसायने दिवसाचे आठ तास त्याच्याच आजूबाजूला असतात, आणि तुम्ही पत्रात त्याच्या नोकरीविषयी पुष्कळ लिहिले असले तरी त्याच्या प्रकृतीविषयी एक ओळही नाही.

टँकरबद्दल तुमच्या लिहिण्यात थोडा मिंधेपणा दिसतो. गावाला पिण्याचे पाणी पुरवणे हे ग्रामपंचायतीचे आणि शासनाचे काम आहे. कारखाना ते पाणी देत असेल तर घ्या, पण ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत टँकर कधीपासून, किती खेपा आणि कोणाकडून येतो हे चढवून घ्या. तक्रारीनंतर टँकर अचानक थांबला तर ती नोंद उपयोगी पडेल. सभामंडपाचा हिशेब देवस्थानाने ठेवावा. त्याचा विहिरीशी संबंध नाही.

गायीचे शवविच्छेदन झाले नाही, हे तुमच्या पत्रावरून कळते, आणि त्यामुळे तो धागा कच्चा आहे. पुढे असे घडले तर जनावर पुरण्याआधी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला बोलवा आणि पंचनामा करून घ्या. घरात कोणाला अंगावर चट्टे, पोटाचे विकार असे काही असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा आणि कोणते पाणी वापरता ते केसपेपरवर लिहून घ्यायला सांगा. वकिलाची गरज पडली तर तालुका विधी सेवा समितीकडे जा; महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत साहाय्य मिळते, म्हणून तो अर्जही पत्नीच्या नावे करता येईल.

स्टोन क्रशरची धूळ किंवा कचरा जाळण्याचा धूर यांविषयी ज्या वाचकांनी लिहिले आहे, त्यांनीही सुरुवात अशीच करावी. क्रशरलाही हवेच्या १९८१ च्या अधिनियमाखाली संमती लागते, आणि तिच्यातही अटी असतात.

तुम्ही या आठवड्यात एक वही सुरू करा. फेस आला ती रात्र, वास वाढला तो दिवस, टँकर चुकला ती तारीख, इतकेच लिहा, मते लिहू नका. मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. प्रयोगशाळेचे अहवाल आले की मला पुन्हा लिहा, पण तिन्ही बाटल्यांचे पाठवा. एकट्या तुमच्या विहिरीच्या अहवालावर मी मत देणार नाही.